पहिला स्वतःचा स्कूबा संच: सोलापुरात राहून आधी काय घ्यावे?

प्रश्न: भुईकोट (सोलापूर)

नमस्कार मंडळी. गेल्या फेब्रुवारीत मी आणि माझ्या पत्नीने मालवण परिसरात स्कूबा डाइव्हिंगचा, म्हणजे हवेचा सिलिंडर पाठीला बांधून पाण्याखाली पोहण्याचा, ओपन वॉटर हा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. अभ्यासक्रमातील आणि त्यानंतरच्या मिळून प्रत्येकी सात डाइव्ह झाल्या आहेत. यापुढे वर्षातून दोन वेळा मालवणला, एकदा मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला आणि जमल्यास दोन वर्षांत अंदमानला जाण्याचा विचार आहे. त्यासाठी दोघांचे मिळून सव्वा लाख रुपये बाजूला ठेवले आहेत.

स्वतःचे साहित्य घ्यावे असे वाटण्याचे कारण सांगतो. पाचव्या डाइव्हमध्ये भाड्याच्या मास्कमध्ये खालून सतत पाणी झिरपत होते. नऊ मीटर खोलीवर मी दर दोन मिनिटांनी मास्क मोकळा करत होतो आणि मार्गदर्शक ज्या माशांकडे बोट दाखवत होते, त्यांपैकी एकही मला धड दिसला नाही. मला उणे साडेतीनचा चष्मा आहे आणि मिशीही आहे, त्यामुळे दोष मास्कचा की चेहऱ्याचा, हे मला ठरवता आलेले नाही.

एका विक्रेत्याने मास्क, फिन (पायांत घालायचे पंख), रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वासासाठी देणारे यंत्र), बीसीडी (तरंगणे सांभाळणारे, फुगवता येणारे जॅकेट) आणि डाइव्ह कॉम्प्युटर (खोली व वेळ नोंदवणारे मनगटी यंत्र) असा संपूर्ण संच एकत्र घेतल्यास बरीच सवलत देऊ केली आहे. आमच्या रकमेत एकाचाच संच बसेल आणि दुसऱ्याला भाड्याचे साहित्य वापरावे लागेल. असे करावे, की दोघांसाठी थोडे थोडे घ्यावे? मी टॉवेलच्या कारखान्यात काम करतो आणि सोमवारी सकाळी पाळीवर हजर असावे लागते. म्हणून रविवारी सकाळी शेवटची डाइव्ह करून त्याच दुपारी गाडीने सोलापूरला परतायचे, असा आमचा क्रम असेल. साहित्य घरी माळ्यावर ठेवता येईल. जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १: खारावारा (रत्नागिरी)

भुईकोट, आपण विचारपूर्वक प्रश्न मांडला आहे, म्हणून उत्तरही थोडे लांबवतो. मी अनेक वर्षे कोकण किनाऱ्यावर नवशिक्यांना पाण्यात नेतो.

संपूर्ण संच एकत्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जी वस्तू आपल्याच शरीराच्या मापाची असावी लागते आणि जी दुसऱ्याकडून घेऊन भागत नाही, ती आधी घ्यावी. जी वस्तू चांगल्या केंद्रात चांगल्या स्थितीत भाड्याने मिळते, ती नंतर घ्यावी. या हिशेबाने मास्क पहिला येतो, आणि तो दोघांसाठी दोन घ्यायचा.

मास्क महाग आहे की स्वस्त, यापेक्षा तो आपल्या चेहऱ्यावर बसतो की नाही, हे महत्त्वाचे आहे. पट्टा पुढे काचेवर टाकून मास्क नुसता चेहऱ्याला लावावा, नाकाने हलका श्वास आत घ्यावा आणि हात सोडून मान खाली घालावी. श्वास रोखलेला असेपर्यंत मास्क आपोआप चिकटून राहिला पाहिजे. एवढ्यावर थांबू नये. हीच चाचणी तोंडात स्नॉर्केलचा (पृष्ठभागावर श्वास घेण्याच्या नळीचा) मुखभाग धरून पुन्हा करावी, कारण ओठ पुढे आले की गालांचा आणि वरच्या ओठाचा आकार बदलतो आणि नेमकी तिथेच गळती सुरू होते. आपल्या बाबतीत मिशीही आहे. पूर्ण मिशी काढण्याची गरज नाही. नाकपुड्यांच्या अगदी खाली, जिथे सिलिकॉनची कड टेकते, तेवढी अरुंद पट्टी डाइव्हच्या दिवशी साफ केली तरी बहुतेकांचा प्रश्न सुटतो. पट्टा आवळून गळती थांबवण्याचा प्रयत्न मात्र करू नये, कारण त्याने कड दुमडते आणि गळती वाढते.

काच टेम्पर्ड असावी आणि नाकाचा कप्पा असा असावा की दोन बोटांनी नाक सहज चिमटीत धरता येईल, नाहीतर कान मोकळे करताना अडचण होते. चष्म्यासाठी दोन स्वतंत्र काचांचा मास्क घ्यावा. अशा अनेक मॉडेलसाठी अर्ध्या अर्ध्या नंबराच्या फरकाने तयार काचा मिळतात आणि उणे साडेतीन हा त्यांत नेहमी सापडणारा नंबर आहे. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या दिसतात, त्यामुळे नंबर तंतोतंत नसला तरी चालून जाते. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला एक सूक्ष्म थर असतो. तो पांढऱ्या साध्या टूथपेस्टने आतून तीन-चार वेळा चोळून काढला नाही, तर कितीही थुंकी लावली तरी काच धुरकटते.

दुसरी वस्तू डाइव्ह कॉम्प्युटर. हे वाचून आपणास आश्चर्य वाटेल, कारण मालवणच्या बऱ्याच डाइव्ह उथळ असतात आणि तिथे कॉम्प्युटरने दाखवलेली वेळेची मर्यादा क्वचितच गाठली जाते. पण आपल्या शरीरात किती नायट्रोजन विरघळला आहे याची नोंद तो मागच्या डाइव्हपासून पुढच्या डाइव्हपर्यंत ठेवतो. सकाळी एकाचा आणि दुपारी दुसऱ्याचा कॉम्प्युटर मनगटावर बांधला, तर ती नोंद निरर्थक होते. पती-पत्नीत एक कॉम्प्युटर ही कल्पनाही सोडून द्यावी, कारण दोघांची खोली सारखी राहत नाही. रंगीत पडदा आणि सिलिंडरच्या दाबाचे बिनतारी वाचन या गोष्टी आज नकोत. अंक मोठे दिसणारा, साधा, आणि बॅटरी स्वतः बदलता येईल असा पाहावा.

आता परतीच्या प्रवासाबद्दल. हा मुद्दा आपण साहित्याच्या प्रश्नात सहज लिहून गेलात, पण मला तोच सर्वांत जास्त खटकला. डाइव्हनंतर विमानात बसण्यापूर्वी एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह किंवा सलग दिवसांच्या डाइव्हनंतर किमान १८ तास थांबावे, असा डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डाइव्ह-सुरक्षेचे काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला आहे. तो सुमारे ६०० मीटरपासून वरच्या उंचीला धरून दिलेला आहे. आपली गाडी आंबोलीमार्गे गेली तर आंबोलीच ६९० मीटरवर आहे. दुसऱ्या घाटाने गेलात तरी काही तासांत समुद्रसपाटीवरून वर चढणारच आहात, आणि सोलापूरही साडेचारशे मीटरच्या पुढे आहे. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, त्यामुळे विमान नाही म्हणून नियम लागू नाही, असे शरीर मानत नाही. शनिवारी सकाळी दोन डाइव्ह कराव्यात, रविवारची सकाळ सिंधुदुर्ग किल्ल्यात घालवावी आणि मग निघावे. कॉम्प्युटरवर थांबण्याचा उरलेला वेळ दिसतो. तो शून्य होईपर्यंत घाट चढू नये.

प्रतिसाद २: संगम (सोलापूर)

खारावारा यांनी सांगितलेला क्रम मला मान्य आहे. मी आपल्याच शहरातला असल्यामुळे, समुद्रापासून इतके दूर राहणाऱ्याला जे वेगळे भोगावे लागते, त्याबद्दल लिहितो.

मी पहिला रेग्युलेटर जुना घेतला. ज्यांच्याकडून घेतला त्यांनी तो फारच कमी वापरला होता आणि धातूचा भाग नव्यासारखा चमकत होता. पहिल्याच सहलीत, सिलिंडर जोडून झडप उघडल्यावर सेकंड स्टेजमधून (रेग्युलेटरच्या तोंडात धरायच्या भागातून) बारीक फुसफुस ऐकू येऊ लागली. मुखभाग खाली करून पाण्यात धरला तरी ती थांबेना. चार-पाच मिनिटांत तिचे रूपांतर सतत वाहणाऱ्या हवेत झाले. फर्स्ट स्टेज, म्हणजे सिलिंडरवर बसणारा भाग, सिलिंडरमधला सुमारे २०० बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त एवढ्यावर आणून ठेवते. तिच्या आतल्या झडपेची बैठक झिजली की हा मधला दाब हळूहळू वर सरकतो आणि सेकंड स्टेजला तो थोपवता येत नाही. माझे मॉडेल उत्पादकाने बंद केलेले असल्याने दुरुस्तीचा संच भारतात मिळेना. चौदा महिने तो रेग्युलेटर कपाटात पडून राहिला आणि मी भाड्याच्या साहित्यावर डाइव्ह करत राहिलो.

त्यामुळे रेग्युलेटर घेताना ब्रँडच्या नावाआधी एकच प्रश्न विचारावा: याची सर्व्हिस कोठे होईल, आणि त्याचे सुटे भाग तिथे आज शिल्लक आहेत का? बरेच उत्पादक वर्षातून एकदा किंवा शंभर डाइव्हनंतर सर्व्हिस सांगतात. काहींचा अवधी दोन वर्षांचा असतो. आपण वर्षाला पंधरा डाइव्ह केल्या तरी वर्षाचा नियम चुकत नाही, कारण ओ-रिंग (हवा अडवणाऱ्या रबरी कड्या) न वापरताही म्हाताऱ्या होतात. सोलापुरात हे काम करणारे मला कोणी आढळले नाही. पुण्या-मुंबईला किंवा गोव्याला पाठवायचे, परत मागवायचे, हा खर्च आणि वेळ किमतीत धरावा.

माळ्याचा विचार मात्र आजच सोडून द्यावा. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, आणि पत्र्याखालचा माळा त्याहूनही तापतो. माझे फिनचे रबरी पट्टे एका उन्हाळ्यात असे कडक झाले की पायात चढवताना ताणलेल्या जागी केसाएवढे तडे उघडलेले दिसले. घरातील सर्वांत थंड खोलीत, लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात, दारे बंद करून साहित्य ठेवावे. पारदर्शक सिलिकॉनचा मास्क काळ्या रबराच्या फिनला टेकवून ठेवू नये, नाहीतर सिलिकॉन पिवळे-तपकिरी पडते. विजेच्या मोटारीजवळ, म्हणजे पंपाच्या खोलीतही ठेवू नये, कारण ठिणग्यांमुळे हवेत ओझोन तयार होतो आणि तो रबराला तडे पाडतो.

पाण्याचेही पाहावे. सोलापुरात बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी इतके क्षारयुक्त आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. त्यात रेग्युलेटर भिजवून वाळवला तर मीठ जाते आणि चुना बसतो. मालवणहून निघण्याआधीच, साहित्य ओले असतानाच, विहिरीच्या किंवा नळाच्या गोड्या पाण्यात पाऊण तास भिजवावे. फर्स्ट स्टेजवरचे झाकण आधी कोरडे पुसून घट्ट लावावे आणि भिजत असताना सेकंड स्टेजचे बटण अजिबात दाबू नये. ते दाबले की झडप उघडते आणि पाणी नळीतून उलटे वर चढते. बीसीडीच्या आतही पाणी ओतून, हलवून, काढून टाकावे आणि ती अर्धवट फुगवून सावलीत टांगावी.

आपण टॉवेलच्या कारखान्यात आहात म्हणून आवर्जून सांगतो: पुसायला कोरा टेरी टॉवेल घेऊ नये. नव्या टॉवेलचे सुटे तंतू ओ-रिंगवर चिकटतात आणि एका तंतूएवढ्या फटीतूनही हवा बाहेर पडते. चार-पाच वेळा धुतलेला जुना टॉवेल वापरावा.

प्रतिसाद ३: समुद्रफूल (पुणे)

वरील दोन्ही प्रतिसाद अनुभवाचे आहेत, तरीही एका बाबतीत मला वेगळे म्हणायचे आहे. रेग्युलेटर शेवटी घ्यावा, असा सूर वर उमटतो आहे. वर्षातून दोन-तीनदाच समुद्रावर जाणाऱ्या माणसाला स्वतःच्या रेग्युलेटरची गरज उलट अधिक असते, असे मला वाटते. जो रोज पाण्यात असतो त्याला कोणताही रेग्युलेटर परका वाटत नाही. सहा महिन्यांनी पाण्यात उतरणाऱ्याचे हात मात्र गडबडतात, आणि अशा वेळी श्वासाची वस्तू तरी ओळखीची असावी. कोणती नळी कोठून येते, पर्यायी सेकंड स्टेज कोठे अडकवलेली आहे, श्वास घेताना किती ओढ लागते, हे आधीपासून ठाऊक असले की मन शांत राहते आणि हवा कमी खर्च होते. अनेकांच्या दातांनी चावलेला मुखभाग तोंडात धरावा लागत नाही, हेही मी कमी मानत नाही. निदान स्वतःचा मुखभाग तरी जवळ ठेवावा. तो प्लास्टिकच्या एका पट्टीने बसतो आणि केंद्रातील माणूस दोन मिनिटांत बदलून देतो.

घेणार असाल तर बॅलन्स्ड फर्स्ट स्टेज घ्यावी, म्हणजे सिलिंडर रिकामा होत आला तरी श्वास जड होत नाही. अतिथंड पाण्यासाठी बंदिस्त केलेली महागडी मॉडेल आपल्या समुद्रात अनावश्यक आहेत. यॉक की डीआयएन (रेग्युलेटर सिलिंडरला जोडण्याच्या दोन पद्धती), हे ठरवण्याआधी जिथे जाणार त्या केंद्रांना विचारावे. मला आपल्याकडे बहुतेक ठिकाणी यॉकच्या झडपा आढळल्या आहेत. डीआयएन घेतल्यास वर बसणारे यॉकचे अडॅप्टर सोबत असू द्यावे.

जुनी वस्तू पाहत असाल, तर दुकानात किंवा घरीही एक चाचणी करता येते. फर्स्ट स्टेजवर झाकण घट्ट बसवून, सिलिंडर न जोडता, मुखभागातून श्वास ओढावा. थोडी हवा आल्यावर ओढ पूर्ण अडली पाहिजे. हवा येतच राहिली तर पडदा, बाहेर जाणाऱ्या हवेची झडप किंवा एखादी नळी कोठेतरी उघडी आहे. ही चाचणी यशस्वी झाली म्हणजे आतली बैठक चांगली आहे, असे मात्र नाही. संगम यांचा रेग्युलेटर कदाचित या चाचणीत उत्तीर्ण झाला असता.

आता वहिनींच्या साहित्याबद्दल, कारण आतापर्यंत सगळे आपल्याच मिशीबद्दल बोलले आहेत. भाड्याने मिळणारे वेटसूट (ऊब टिकवणारे, अंगाला घट्ट बसणारे पोशाख) आणि बीसीडी बहुधा पुरुषांच्या मापाचे असतात. माझ्या पहिल्या तीन सहलींत वेटसूट कमरेत आणि पाठीच्या खालच्या भागात इतका सैल होता की प्रत्येक हालचालीबरोबर त्यात पाणी भरत आणि निघून जात होते. सूट अंगाशी पाण्याचा पातळ थर अडकवून ठेवतो आणि शरीर त्या थराला ऊब देते. ते पाणी सतत बदलत राहिले तर तीन मिलिमीटरचा सूट असूनही हुडहुडी भरते. कोकणात आणि अंदमानात समुद्र उबदार असतो, त्यामुळे तीन मिलिमीटर पुरेसे होतात. पण मापाचा सूट हवा. बीसीडी एवढ्यात घेऊ नये. ती जड आहे, जागा खाते आणि भाड्याची बीसीडी मापात बसत असेल तर काही बिघडत नाही. पट्टे आवळल्यावर ती पाण्याच्या पृष्ठभागावर खांद्यांवरून कानांपर्यंत वर सरकू नये, एवढे पाहावे.

फिनबद्दल थोडक्यात: टाचेकडे उघडी, स्प्रिंगच्या पट्ट्याची फिन आणि निओप्रीनचे बूट घ्यावेत. बोटीवर, शिडीवर आणि खडकाळ किनाऱ्यावर बुटांचा उपयोग होतो.

अंदमानला जाताना आपण सोलापूरहून रेल्वेने चेन्नईला आणि तिथून विमानाने जाल. दोघांचे मास्क, फिन, सूट आणि रेग्युलेटर एवढे सामान विमानाच्या नेहमीच्या मर्यादेत बसते. बीसीडी घेतल्यास वजन वाढते. रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत ठेवावेत.

भुईकोट (सोलापूर)

तिघांचेही मनापासून आभार. आम्ही दोघांनी बसून ठरवले ते असे: विक्रेत्याला नकार कळवला. दोघांसाठी मास्क आणि कॉम्प्युटर, पत्नीसाठी मापाचा वेटसूट, माझ्यासाठी फिन आणि बूट, आणि दोघांचे स्वतंत्र मुखभाग, एवढे या वर्षी घेऊ. रेग्युलेटर पुढच्या वर्षी घेऊ आणि त्याआधी सर्व्हिसची सोय पक्की करू. समुद्रफूल ताईंचे म्हणणे पत्नीला अधिक पटले आहे, त्यामुळे पहिला रेग्युलेटर बहुधा तिचा असेल. परतीसाठी सोमवारची रजा मागितली आहे; शेवटची डाइव्ह शनिवारी करून रविवारी दुपारनंतरच निघू.

एक प्रश्न उरतो. समुद्रावर जाण्यापूर्वी हे साहित्य शहरातील जलतरण तलावात वापरून पाहावे का? एका परिचितांनी गॅरेजमधील कॉम्प्रेसरवर लहान सिलिंडर भरून देता येईल का, हे विचारून पाहतो असे सांगितले आहे.

प्रतिसाद ४: खारावारा (रत्नागिरी)

कॉम्प्रेसरचा विषय आजच बंद करावा. टायर भरणारा कॉम्प्रेसर आठ-दहा बार दाब देतो आणि आपल्याला २०० लागतात. कोठून तेवढा दाब मिळालाच, तरी त्या हवेत तेलाची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड येण्याचा धोका असतो. पृष्ठभागावर डोके जड होण्यापुरते असलेले प्रमाण खोलीवर दाबासोबत अनेक पट घातक होते. रुग्णालयाचा किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन भरून घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तोही ऐकू नये. शुद्ध ऑक्सिजन सहा मीटरच्या पुढे झटके आणू शकतो, आणि साध्या ग्रीसशी संपर्क आल्यास पेट घेऊ शकतो.

तलावात मास्क, स्नॉर्केल आणि फिन अवश्य वापरून पाहा. अर्धा तास पोहून नाकाखाली पाणी जमते का आणि बूट टाचेला चावतात का, एवढे तपासावे. सूटही घालावा, पण तिथे किती तरंगता यावरून शिशाची वजने ठरवू नयेत. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा दोन-अडीच टक्क्यांनी जड असते, म्हणून साहित्यासह नव्वद किलोच्या माणसाला समुद्रात सुमारे दोन किलो शिसे जास्त लागते. ते मालवणला पहिल्या डाइव्हपूर्वी केंद्रातील माणसासमोर ठरवावे.

तलावात एक जण पाण्याखाली असताना दुसऱ्याने काठावर बसून लक्ष ठेवावे, आणि खाली जाण्याआधी भराभर खोल श्वास घेऊ नयेत. त्याने श्वास घेण्याची निकड उशिरा जाणवते आणि माणूस पूर्वसूचना न मिळता पाण्यातच बेशुद्ध होऊ शकतो. तलावावरील जीवरक्षकांना आपण काय तपासत आहात, हे आधी सांगून ठेवावे.